नवी पेठेतली अभ्यासिका: खुर्ची बरी, पंखे दोन

एमपीएससीच्या अभ्यासाला दीड वर्ष पुण्यातल्या या अभ्यासिकेत बसतेय, म्हणून लिहिते. शास्त्री रोडवरून आत वळलं की दोन मिनिटांवर, दुसरा मजला. नॉन-एसी महिन्याला ११००, एसी १९००, लॉकरचे १५० वेगळे. डिपॉझिट ५००. ते परत मिळतं, पण तीनदा मागावं लागतं. टेबलांच्या मधे प्लायचं पार्टिशन, प्रत्येकीला एक चार्जिंग पॉइंट. मुलींच्या नॉन-एसी हॉलमध्ये अठरा जणींत दोन पंखे. भिंतीकडची जागा आली तर एप्रिलमध्ये मानेवर ओला रुमाल ठेवूनच राज्यघटना वाचायची. शिस्त मात्र पक्की. फोन वाजला की अभ्यासिकेचे काका बाहेर काढतात, कुणाची भीड ठेवत नाहीत.

आता पैशाचं. माझे आई-दादा (वडिलांना दादा म्हणते) बीडकडचे, ऊसतोड करतात. दोघांची जोडी म्हणजे एक कोयता, मजुरी जोडीलाच. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तेव्हापासून टनाला साडेतीनशेच्या वर मिळतात. म्हणजे माझी खुर्ची महिन्याला तीन टन. दोघं धड असतील तर दीड दिवसाचं काम. ऐकायला स्वस्त वाटतं. पण ऊस पाच महिने, खुर्ची बारा महिने, आणि त्याआधी मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटायला हवी. खोली आणि मेस तर यात धरलीच नाही.

एसी हॉलमध्ये माझी एक मैत्रीण बसते. वडील हायस्कूलला शिक्षक. तिचा हा पाचवा अटेम्प्ट. मागच्या मेन्सला चार मार्कांनी राहिली, तेव्हा घरून फोन आला, "परत बस." माझ्या घरून आला असता, "दिवाळीला ये, स्थळ आलंय." पेपर दोघींना एकच. राखीव प्रवर्गातून वयाची अट ४३ पर्यंत आहे, पण ती जाहिरातीत. माझी मुदत आईच्या कंबरेवर. मागच्या हंगामात ती पंधरा दिवस कोपीतच (फडावरच्या झोपडीत) झोपून होती, मला कळलं ते दोघं गावी परतल्यावर.

फी पाच तारखेच्या आत. पण दादांचा मुकादमाशी हिशेब होईपर्यंत काका दोनदा थांबले, तोंडातून शब्द न काढता. पंख्यांमुळे रेटिंगमधला एक स्टार कापला होता, तो त्यासाठी परत देते.

एसी घेऊ नका, दुपारी झोप येते. खिडकीजवळची ११ नंबरची जागा मागा. मेपर्यंत मात्र ती माझी आहे.