रोममध्ये खाजगी गाईड की ग्रुप टूर?

कलोसियम (प्राचीन रोमन रंगमंडल), फोरम (जुन्या रोमचा मुख्य चौक) आणि शेजारची पॅलाटिन टेकडी बघायला काय घ्यावं, असं मैत्रिणीने विचारलं. तिला माझं उत्तर: रांग टळेल या जाहिरातीवर जाऊ नकोस, सुरक्षा तपासणी दोन्हीकडे सारखीच.

खर्चाचं गणित सोपं आहे. ग्रुपमध्ये माणशी पैसे. खाजगी गाईडची फी बहुधा तासांवर, सगळ्यांची मिळून. दोघांना ती जड जाते, सहाजणांत वाटली तर फरक बराच कमी होतो. तिकिटं त्यात धरली आहेत का, ते मात्र आधीच विचार.

खरा फरक वेगाचा. कलोसियमच्या भिंतीभर भोकं दिसतात. दगड जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या मध्ययुगात लोकांनी उपसून नेल्या, त्याच्या या खुणा. बाहेरच्या कमानींवर कोरलेले प्रवेशद्वारांचे रोमन आकडे काही ठिकाणी अजून वाचता येतात. ग्रुपमध्ये कानात इअरफोन आणि नजर गाईडच्या हातातल्या झेंड्यावर, त्यामुळे असं काही बघत रेंगाळायची सोय नाही. फोरममधल्या सम्राट टायटसच्या कमानीत आतल्या बाजूला जेरुसलेमच्या ज्यू मंदिरातून लुटून आणलेला सात फाट्यांचा दिवा (मेनोरा) कोरलेला आहे. तिथे प्रश्न सुचतातच, आणि पंचवीसजणांत ते विचारायला संकोच वाटतो.

दमणुकीचं म्हणशील तर फोरमची वाट खडबडीत दगडांची, सावली जेमतेम. ग्रुप कुणासाठी थांबत नाही.

आईबाबा किंवा लहान मुलं बरोबर असतील, नाहीतर इतिहासाचं वेड असेल, तर खाजगी गाईड. एकटी किंवा दोघंच जाणार असाल आणि मुख्य गोष्टी कळल्या तरी पुरे असेल, तर ग्रुप घे.