ऑइल कमी दिसतंय, टॉपअप मारू की पूर्ण चेंज करू?

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की गॅरेजमधे नंबर लागत नाही, आणि नेमकं तेव्हाच माणसाला बॉनेट उघडायची आठवण होते. वाळपईच्या चुलतभावाचा परवा फोन, इंजिनातलं ऑइल मोजायच्या पट्टीवर (डिपस्टिक) ऑइल खालच्या खुणेच्याही जरा खाली आहे, चोर्ला घाटाने बेळगावला जायचंय, एक डबा आणून ओतू की बदलूनच घेऊ? त्याला जे सांगितलं तेच इथे टाकतोय.

पहिलं म्हणजे रीडिंग खरं आहे का ते बघा. आमचं पर्वरीचं अंगण पावसाचं पाणी निघून जावं म्हणून उताराचं केलंय, तिथे गाडी लावून बघितलं तर पट्टी एक सांगते आणि बाहेर सपाट रस्त्यावर लावली की दुसरंच. मी सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, भोंपू वाजवत येतो त्या सुमाराला बघतो, रात्रभरात सगळं ऑइल इंजिनच्या तळाच्या चेंबरमधे उतरलेलं असतं. काही कंपन्या इंजिन गरम करून, बंद करून पाच-दहा मिनिटांनी बघायला सांगतात, तर आपल्या मॅन्युअलमधे असेल तसं करा पण दर वेळी तसंच करा. पट्टी काढा, जुन्या बनियनच्या फडक्याने पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा. कधीकधी एका बाजूला ऑइल वरपर्यंत दिसतं आणि दुसऱ्या बाजूला कमी, अशा वेळी कमीवाली बाजू खरी धरायची.

आता टॉपअप. स्वस्त, घरच्या घरी होतं, दहा मिनिटांचं काम. दोन खुणांच्या मधे बऱ्याच गाड्यांत साधारण १ लिटर बसतं, छोट्या गाड्यांत त्याहून कमी. म्हणून अख्खा डबा उपडा करायचा नाही, पाव लिटर ओता, थोडं थांबा, परत पट्टी बघा. लेव्हल मधोमध असेल तर काहीच ओतू नका, उगाच हात शिवशिवतात म्हणून नको. ग्रेड, म्हणजे ऑइल किती पातळ-घट्ट ते, मॅन्युअलमधलीच, नव्या पेट्रोल गाड्यांना बऱ्याचदा ०डब्ल्यू-२० असते, काहींना ५डब्ल्यू-३०. ब्रँड वेगळा असला तरी ग्रेड आणि स्पेसिफिकेशन जुळत असेल तर टॉपअपला चालतं, त्यावरून एवढी भांडणं का होतात कळत नाही.

पण टॉपअपने जुनं ऑइल नवं होत नाही. फिल्टर तोच, मळ तोच, आणि चेंजची तारीखही पुढे जात नाही. बहुतेक गाड्यांना १०,००० किमी किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते, आणि आपल्याकडे गाडी बाजार, शाळा, देऊळ एवढीच फिरते, इंजिन नीट तापतच नाही, त्यात पावसाळ्याची दमट हवा. झाकणाच्या आतून पिवळट साय धरलेली दिसते ती बरेचदा यातूनच येते. पट्टीवरचं ऑइलसुद्धा चहासारखं दुधाळ दिसलं किंवा कूलंट कमी होत असेल तर मात्र प्रकरण वेगळं, गॅसकिटचा (इंजिनात कूलंट आणि ऑइल वेगळं ठेवणारी पट्टी) संशय घ्या, तिथे टॉपअपही नको आणि नुसता चेंजही नको, थेट मेकॅनिक. नुसतं काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेलमधे तर नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं होतं.

डिझेलवाल्यांनी अजून एक बघायचं, बीएस-६ (धुराचे नवे नियम पाळणाऱ्या) गाडीत लेव्हल कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकते. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, काजळी जाळून साफ करताना जादा डिझेल सोडलं जातं, छोट्या फेऱ्यांत ती सफाई अर्धवट राहते आणि डिझेल ऑइलमधे उतरतं. पट्टी वरच्या खुणेच्या वर गेली की खूश होऊ नका, ऑइल पातळ झालंय, इथे चेंजच.

जास्तीचं ऑइल हे मी भोगलंय. एका गॅरेजमधून सर्व्हिस करून आणली, सकाळी बघतो तर वरच्या खुणेच्या बोटभर वर. परत गेलो तर उत्तर काय, जास्त असलेलं बरं! अरे बरं कसं, क्रँक, म्हणजे इंजिनात खाली फिरणारा दांडा, ते घुसळतो, फेस होतो, फेसाला धड प्रेशर येत नाही, वर सील गळतात ते वेगळंच. तिथेच उभा राहून खालचा बोल्ट सोडून काढायला लावलं. तेव्हापासून चेंज झाला की गॅरेजातून निघायच्या आधी पट्टी मी स्वतः बघतो.

आणि डॅशबोर्डवरच्या त्या तेलाच्या कुपीच्या चित्राच्या लाल दिव्याच्या भरवशावर राहू नका, तो लेव्हल नाही, ऑइलचं प्रेशर सांगतो. ऑइल कमी असलं तर घाटाच्या वळणावर ते चेंबरच्या एका कडेला जातं, पंप हवा ओढतो आणि दिवा लुकलुकतो, तोवर बेअरिंगला झळ लागलेली असू शकते. दिवा लागला तर गाडी बाजूला घेऊन बंद करायची, पुढच्या गावापर्यंत रेटायची नाही.

भावाची गाडी पेट्रोल, शेवटचा चेंज गेल्या चवथीच्या आधी, ७,००० किमी झालेत. म्हणजे वर्ष भरत आलं, हिशोबाने चेंजच. पण गॅरेज फुल आणि घाट उद्या, म्हणून म्हटलं आज पाव पाव लिटर करत निम्म्याच्या वर आण, उरलेला डबा डिकीत ठेव, आजचे किलोमीटर कागदावर लिही, बेळगावहून आल्यावर परत बघ किती उतरलं आणि चवथ झाली की फिल्टरसकट बदल. तर म्हणे नरसाळं नाही घरात. पाण्याची बाटली काप आणि आतून कोरडी पूस म्हटलं.