घरच्या पेटीवादनासाठी पैसे भरून घेतलेला मिक्सवरचा फीडबॅक : बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

या सेवेची वर्गणी मी परवा बंद केली. पण तिच्यातून मला जे मिळालं ते आधी कुठेच मिळालं नव्हतं, म्हणून दोन तारे देऊन मोकळं होणं पटेना. सविस्तर लिहितो. नाव घेत नाही, कारण अशा सेवा साधारण सारख्याच चालतात: मिक्स, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र करून बनवलेला ट्रॅक, चढवायचा, तिकडचा साउंड इंजिनिअर ऐकतो आणि दोन दिवसांत लेखी टिप्पणी येते. महिना ४९९ रुपये, त्यात तीन ट्रॅक. म्हणजे एका टिप्पणीला १६६ रुपये, हा हिशोब मी शेवटपर्यंत डोक्यात ठेवला.

मी एकल पेटी वाजवतो, साथीला मामेभाऊ तबल्यावर आणि खाली तानपुऱ्याचं ॲप. दोन मायक्रोफोन, ते संगणकाला जोडणारा साधा इंटरफेस, आणि रेकॉर्डिंगसाठी रीपर हे सॉफ्टवेअर. घरी रेकॉर्ड करणाऱ्यांना यापुढचं सांगायला नको.

पहिली टिप्पणी अशी होती: लो-मिडमध्ये (खर्जाच्या जरा वरच्या आवाजांत) गढूळपणा आहे, तबला मागे पडतोय, एकूण प्रयत्न छान. सात मिनिटांच्या वादनात गढूळ नेमकं कुठे? विलंबितात मी सूर धरून ठेवतो तिथे, की द्रुतात डग्गा भरायला लागतो तिथे? तबला मागे म्हणजे चाट (तबल्याच्या काठावरचा टणक आवाज) ऐकू येत नाही की डग्ग्याची घुमक? या ओळी कुठल्याही पेटी-तबल्याच्या रेकॉर्डिंगला चालल्या असत्या. मला राग आला, आणि पुढच्या महिन्यात वर्गणी बंदच करायची असं ठरवूनही टाकलं.

मग दुसरा ट्रॅक दुसऱ्या इंजिनिअरकडे गेला. त्याने लिहिलं: ३:४१, ३:४७ आणि ३:५२ ला लाकडावर काहीतरी आदळतंय, ते तबल्याचं नाही. मी हेडफोन लावून तिथेच घुटमळत बसलो. खरंच, भाता पूर्ण मिटून पुन्हा उघडताना एक बारीक 'थप' येत होता. तबला सुरू असताना तो ठेक्यात मिसळून जायचा. या जागी भावाने हात थांबवला होता, म्हणून उघडा पडला. मायक्रोफोन मागून काढून पेटीसमोर दीड फुटावर, पट्ट्यांच्या जरा वर आणला, भात्याच्या कडेला आतून नमद्याची पट्टी चिकटवली. शिवाय त्याच्याच सांगण्यावरून पेटीच्या ट्रॅकला ८० हर्ट्झचा लो-कट, म्हणजे त्याखालचे आवाज कापणारा फिल्टर, लावला. माझी पट्टी काळी एक (सी शार्प). मध्य षड्ज २७७ हर्ट्झ, मंद्र षड्ज त्याच्या निम्म्यावर, आणि खर्जाच्या रीडचा सेट मी बंद ठेवतो; त्यामुळे ८० च्या खाली माझ्या कामाचा एकही सूर नाही, फक्त भात्याची धडधड आणि रस्त्यावरच्या ट्रकची घरघर. ती गेली आणि पेटी स्वच्छ झाली.

तेव्हापासून टिप्पणी आली की मी आधी मिनिट-सेकंद शोधतो. दोष बरोबर आहे की चूक, हे नंतर. ३:४१ लिहिलेलं असेल तर तो चुकीचा दोषही मला तपासता येतो. वेळ न घातलेली टिप्पणी मी परत पाठवायचो, आणि सुरुवातीचे काही महिने त्यांनी ती विनातक्रार दुरुस्त करून दिली, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो.

याच इंजिनिअरने एकदा उलट प्रश्न विचारला: खोली किती बाय किती? १० बाय १०, आपल्याकडच्या फ्लॅटमधली नेहमीची बेडरूम. त्याचं म्हणणं, डग्गा तुमच्या प्रत्येक ट्रॅकमध्ये जास्त येतोय म्हणजे तुम्हाला तो खोलीत कमी ऐकू येत असणार. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपास लाट उभी राहते. खोली चौरस असली की दोन्ही दिशांना तीच. भिंतीपाशी ती जोरात, बरोबर मध्यभागी जवळजवळ नाहीशी. माझी खुर्ची मध्यभागी होती. डग्ग्याची घुमक याच्या जवळपासच्याच पट्टीत असते, म्हणून माझ्याकडून डग्ग्याचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) वर सरकत होता आणि बाहेर ऐकणाऱ्याच्या कानात ढुमढुम होत होती. खुर्ची समोरच्या भिंतीपासून खोलीच्या ३८ टक्के अंतरावर आणा, म्हणजे पावणेचार फुटांवर, आणि डग्ग्याची पातळी हेडफोनवर ताडून बघा, असं त्याने सुचवलं. एक रुपयाही न लागता माझे पुढचे सगळे मिक्स सुधारले. त्या दिवशी मी वर्षाची वर्गणी एकदम भरायचा विचार करत होतो.

पण हेच लोक पेटीच्या गांधाराशी आले की अडखळायचे. तिघांनी वेगवेगळ्या ट्रॅकवर लिहिलं की १:२० च्या आसपास सूर डळमळतोय, पिच दुरुस्त करा. पेटीचा सूर डळमळत नाही, रीड आहे ते. डळमळते ती पेटी आणि तानपुरा यांच्यातली जागा. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गांधार निघतो तो काळी एकला सुमारे ३४६.५ हर्ट्झवर असतो. माझी पेटी समान अंतरांच्या स्वरांत लावलेली आहे, तिचा शुद्ध गांधार ३४९ च्या जरा वर. फरक १४ सेंटचा (सेंट म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग), आणि दोन्ही एकत्र धरले की सेकंदाला पावणेतीन हेलकावे. पेटी नैसर्गिक स्वरांत, गांधार ट्यूनिंगमध्ये लावून घेणारे वादक आहेतच, पण मग ती एकाच पट्टीची होऊन बसते, आणि मला गायकांच्या साथीलाही बसावं लागतं. पिच दुरुस्तीचं सॉफ्टवेअर यावर चालवणं मला अजिबात मान्य नाही.

मात्र हेलकावे ऐकू येतात हे त्यांचं निरीक्षण खरं होतं. उपाय मीच काढला: तानपुऱ्यावर ३४६ च्या जवळ ईक्यूची (ठरावीक हर्ट्झचे आवाज कमी-जास्त करणाऱ्या साधनाची) अरुंद खाच, तानपुरा दोन्ही बाजूंना पसरवून पेटी मध्यावर, आणि तानपुऱ्याची पातळी एवढीच की बंद केल्यावर उणीव जाणवावी. मग प्रत्येक ट्रॅकसोबत दोन ओळी लिहायला लागलो: पेटी समस्वरांत आहे, तानपुरा नैसर्गिक आहे, सुराबद्दल लिहू नका; मला फक्त एवढंच सांगा की चाट आणि पेटीचा तार सप्तक एकमेकांना कुठे झाकतात. यानंतरच्या टिप्पण्या एकदम धारदार झाल्या. घेणार असाल तर हे जरूर करा. एका ट्रॅकला एकच प्रश्न.

आता बिघाड. मध्येच कधीतरी माणसांच्या टिप्पण्या थांबल्या आणि आपोआप तयार होणारा अहवाल यायला लागला. त्यात काय? लाउडनेस उणे १८ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक), तो उणे १४ करा, लो-मिड जास्त. मिनिट-सेकंद कुठेच नाहीत. उणे १४ हा स्पॉटिफायचा नेहमीचा टप्पा आहे हे ठाऊक आहे, आणि तो आकडा यूलीन नावाचा फुकट लाउडनेस मीटरही दाखवतो. संथ आलापाला कॉम्प्रेसरने (मोठा-लहान आवाज सारखा करणाऱ्या साधनाने) दाबून तिथवर नेलं की भात्याचा श्वासही सुराएवढा मोठा होतो, हे ज्याने ऐकलंय त्याने तसं सुचवलंच नसतं. मी तक्रार केली. उत्तरादाखल तेच ते छापील मेल: आपला अभिप्राय मोलाचा आहे. त्या इंजिनिअरकडेच ट्रॅक द्या म्हटलं, तर ती सोय नाही. न वापरलेल्या ट्रॅकचे पैसे परत नाहीत, पुढच्या महिन्यातही धरत नाहीत. पैसे कापण्याच्या २४ तास आधी बँकेचा मेसेज येतो, तेवढ्या अवधीत मी मँडेट (दर महिन्याला आपोआप पैसे कापण्याची परवानगी) रद्द केला.

सध्या मोनोमध्ये (डावा-उजवा आवाज एकत्र करून) एका छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर ऐकतो आणि माझ्या आवडीच्या रेकॉर्डिंगशी लाउडनेस समान करून ताडतो. समान केलं नाही तर जे मोठं वाजतं तेच चांगलं वाटतं. शिवाय भावाला आणि गुरुजींना ऐकवतो. भावाला फक्त चाट ऐकू येते, गुरुजी मिक्सवरून थेट बोटांवर घसरतात, पण मिनिट-सेकंद दोघंही सांगतात, कारण मी वही-पेन हातात दिल्याशिवाय प्ले दाबत नाही. खोलीचं माप विचारणारा मात्र यांच्यात कुणी नाही. तो इंजिनिअर सुट्या ट्रॅकला ५०० रुपये मागेल तर मी देईन, आणि हे मी कंपनीला लेखी कळवलंय.

वर्गणी बंद करणाऱ्यांनी एक करा: जुन्या टिप्पण्या आधी उतरवून घ्या. खातं मिटलं की त्या दिसत नाहीत, आणि डाउनलोडचं बटण 'बिलिंग'च्या पानावर अगदी तळाला आहे.