‘व्हिंटेज लुक’ म्हणून गळ्यात मारलेली हेलिओस

मुंबईत जुन्या मॅन्युअल फोकस लेन्स विकणारा एक माणूस सध्या फिरतो आहे. त्याने माझ्याकडून हेलिओस ४४-२ या लेन्सचे नऊ हजार रुपये घेतले आणि हातात एक बिघडवलेला पीस ठेवला. माझ्या ओळखीतल्या आणखी दोघांना त्याने असंच गंडवलंय, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. त्याची पद्धत नीट समजून घ्या. जुन्या लेन्सच्या ज्या गुणांवर आपला जीव असतो, त्याच गुणांची नावं तो बिघाडांना देतो.

ज्यांना या छंदाचं वेड नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आमचा एक लहानसा गट आहे. रविवारी पहाटेच निघतो. कधी खोताची वाडी, कधी बाणगंगा, कधी दादरचा फुलबाजार. प्रत्येकाच्या नव्या मिररलेस कॅमेऱ्यावर अडॅप्टर, म्हणजे जुनी लेन्स बसवायची कडी, लावून चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची एखादी लेन्स असते. फोकस हाताने फिरवायचा, अ‍ॅपर्चर म्हणजे प्रकाश आत येण्याचं छिद्र, लेन्सवरच्या रिंगने ठरवायचं. फुलवाल्या मावशींची बोटं गजरा ओवताना टिपायची असतील तर आधी त्यांचा हात कसा चालतो ते बघावं लागतं आणि पुढच्या टाक्याची वाट बघत फोकस धरून ठेवावा लागतो. वाट बघण्यातला हा आनंद मला ऑटोफोकसने कधी दिला नाही.

हेलिओस ४४-२ ही या छंदातली बहुतेकांची पहिली लेन्स. ५८ एमएम, एफ/२ (एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं). मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात झेनिट कॅमेऱ्यांसाठी ती निघायची. मूळ रचना जर्मन, झाइसच्या बायोटार या लेन्सवरून घेतलेली. आठ पात्यांचं अ‍ॅपर्चर, कॅमेऱ्यावर फिरवून बसवायचे एम४२ चे आटे. एफ/२ वर उघडून माणूस जवळ उभा केला आणि मागे काही अंतरावर पानांतून झिरपणारं ऊन असलं, की मागचे ठिपके त्याच्याभोवती गोल फिरल्यासारखे दिसतात. राणीच्या बागेत जुन्या झाडांखाली हे फार सुंदर येतं. मला त्यासाठीच ती हवी होती.

जाहिरातीतले फोटो अगदी स्वच्छ होते. सीरियल नंबर ७८ ने सुरू होणारा, म्हणजे बहुधा १९७८ चा पीस. क्रास्नोगोर्स्कच्या लेन्सवर पहिले दोन आकडे सहसा वर्षाचे असतात. खाली ‘मिंट कंडिशन, नो फंगस, नो हेझ’, म्हणजे नव्यासारखी, आत बुरशी नाही, धूसर थर नाही. फोनवर माणूस चांगलं मराठी बोलणारा, अदबशीर, ‘ताई’ म्हणणारा. दोन हजार यूपीआयने आधी मागितले, ‘दुसरं गिऱ्हाईक थांबलंय’ म्हणून. मी शिवाजी पार्कला सकाळी भेटू म्हटलं तर त्याला ते जमेना. ऑफिसची शिफ्ट, आईची तब्येत, शेवटी घाटकोपर स्टेशनजवळचं एक कॅफे, संध्याकाळी साडेसातनंतर. आता मागे वळून बघितलं की कळतं, सगळा खेळ त्या जागेचा आणि त्या वेळेचा होता.

कॅफेत त्याने स्वतःच्या कॅमेऱ्यावर लेन्स लावूनच आणली होती. ‘घ्या ताई, वाजवून बघा.’ समोर कॉफीचा कप, त्यामागे दिव्यांची माळ. एफ/२ वर कप काढला. छान आला. मागचे दिवे गोल, मऊ. मग त्याने माझ्याकडून लेन्स कपाच्या बरीच जवळ नेऊन फोकस करून घेतला आणि म्हणाला, ‘कंपनीने अर्धा मीटर दिलंय, हा पीस त्याच्याही आत जातो. असे पीस मिळत नाहीत.’ हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचा अर्थ कळेल. दिव्यांच्या कडेने थोडा धूसरपणा दिसत होता. मी विचारलं तर उत्तर तयार होतं. ‘रशियन काच आहे ताई, ती अशीच बोलते. हा ग्लो मिळवायला लोक वेगळे फिल्टर विकत घेतात.’ मोबाइलचा टॉर्चही त्याने स्वतः मारून दाखवला, पण समोरून, सरळ काचेवर. तसा मारला की दिव्याचं प्रतिबिंब तेवढं चमकतं आणि आतलं काहीही दिसत नाही. उरलेले पैसे रोख दिले आणि आम्ही उठलो.

पुढच्या रविवारी दादर चौपाटीवर ती लेन्स लावली. समोर वरळीकडे जाणारा सी लिंक, सकाळचं ऊन, आणि फोकसची रिंग अनंताच्या, म्हणजे सगळ्यात लांबच्या, खुणेपर्यंत नेऊनही पुलाचे दोर लोण्यासारखे पसरलेले. रिंग पुढे जात नव्हती. फोकस जेमतेम दहा-बारा फुटांवर थांबत होता. त्याच्या पलीकडचं जग या लेन्सला दिसतच नव्हतं.

त्याला फोन केला. आधी म्हणाला, ‘तुमचा अडॅप्टर खराब आहे.’ ही सबब ऐकली की बरेच जण गप्प बसतात, कारण अडॅप्टर खरंच वाईट असू शकतो. एम४२ लेन्सला सेन्सरपासून ४५.४६ एमएम अंतर लागतं, माझ्या सोनीच्या माउंटचं, म्हणजे लेन्स बसते त्या कडीचं, अंतर १८ एमएम, म्हणजे अडॅप्टरची जाडी साधारण २७.४६ एमएम हवी. ती जास्त झाली तर अनंतावर फोकस लागत नाही. म्हणून मी त्याच अडॅप्टरवर मैत्रिणीची टाकुमार ही जुनी जपानी लेन्स लावली. सी लिंकचा दोर न् दोर स्पष्ट. तसं कळवल्यावर उत्तर आलं, ‘व्हिंटेज लुक हवा असेल तर असं असतं, शार्प हवं तर नवीन घ्या.’ त्यानंतर माझा नंबर ब्लॉक.

फोर्टात बोरा बाजाराच्या बाजूला एक दुरुस्तीवाले काका बसतात, आयुष्यभर कॅमेरे उघडत आलेले. त्यांनी लेन्स हातात घेऊन रिंग दोनदा फिरवली आणि उघडायच्या आधीच सांगितलं, ‘ही कोणीतरी खोलली आहे आणि चुकीच्या आट्यावर बसवली आहे.’ फोकसच्या नळीला आत एकापेक्षा जास्त ठिकाणांहून सुरू होणारे आटे असतात. खोलताना खूण केली नाही आणि परत बसवताना भलत्याच ठिकाणी सुरुवात झाली, की काचांचा सगळा संच एखादा मिलिमीटर बाहेर राहतो. मग लांबचं काही दिसत नाही आणि जवळचं मात्र कंपनीने सांगितल्यापेक्षाही जवळून दिसतं. कॅफेत ज्याचं कौतुक करून मला विकलं, तो नेमका हा बिघाड होता.

लेन्स का खोलली होती, तेही काकांनी दाखवलं. लेन्स ट्यूबलाइटखाली तिरकी धरली. धडधाकट काचेवर कोटिंगमुळे, म्हणजे काचेवरच्या पातळ लेपामुळे, ट्यूबची प्रतिबिंबं निळसर, जांभळट, पिवळसर दिसतात. इथे मागच्या बाजूच्या एका काचेवरचं प्रतिबिंब पांढरंफट्ट होतं, मध्ये तर रंगाचा मागमूस नाही. मग खोलीतला दिवा मालवला, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडलं, लेन्सच्या मागून टॉर्च मारला आणि मला पुढून, बाजूने बघायला सांगितलं. काचेभर दुधी पडदा आणि त्यात गोल गोल पुसल्याच्या बारीक रेघा. फंगस आली होती, कोणीतरी ती खसाखसा पुसली आणि फंगसबरोबर कोटिंगही गेलं.

मुंबईत फंगसचं कोणाला नवल नाही. पावसाळ्याचे चार महिने कपाटात बंद राहिलेल्या कातडी केसमध्ये ती येतेच. पुसून साफ केलेली लेन्स विकण्यात गैर काही नाही, सांगून विका आणि भाव कमी घ्या. फोर्टातले जुने दुकानदार स्वतःहून सांगतात की आत थोडी खूण राहिली आहे, त्यांच्याकडून अशी लेन्स मी आनंदाने घेतली आहे. लपवून ‘मिंट’ म्हणणं ही चोरी आहे.

घरी आल्यावर जाहिरातीचे जपून ठेवलेले फोटो मोठे करून बघितले. सीरियल नंबर तोच होता. पण फोटोतल्या लेन्सवर अंतराच्या आकड्यांशेजारी काळा रंग टवका उडून गेलेला आणि खालचं अ‍ॅल्युमिनियम चमकत होतं. माझ्या लेन्सवर तिथला रंग शाबूत. नंबर असतो नाव कोरलेल्या पुढच्या कडीवर आणि ती कडी फिरवून निघते. चांगल्या लेन्सची कडी या लेन्सवर चढवली होती. म्हणजे नंबर जुळला म्हणून लेन्स तीच, असं धरून चालता येत नाही. जाहिरातीतला एखादा ओरखडा, टवका, झिजलेला आकडा शोधून ठेवायचा आणि हातातल्या पीसवर तो आहे का ते बघायचं.

आमच्या गटात हे सांगितल्यावर डोंबिवलीचा एक मुलगा पुढे आला. त्याला याच माणसाने ५० एमएम एफ/१.४ ची सुपर टाकुमार विकली होती, ‘गोल्डन कोटिंगवाली, रेअर’ म्हणून ज्यादा पैसे घेऊन. त्या लेन्सच्या बहुतेक पीसच्या काचेत थोरियम हा किरणोत्सारी धातू असतो आणि वर्षांनुवर्षांनी ती काच पिवळी पडते. अतिनील दिव्याखाली किंवा उन्हात बरेच दिवस ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो. कोटिंगचा त्याच्याशी काही संबंध नाही. दुसऱ्याला पात्यांवर तेल आलेली लेन्स मिळाली, ‘अ‍ॅपर्चर सावकाश चालतं, व्हिडिओसाठी स्मूथ’ असं सांगून.

आता ज्या गोष्टीवर हा माणूस पैसे कमावतो तिच्याबद्दल. जुन्या लेन्सचा स्वभाव आणि बिघाड यांत फरक करता येतो आणि त्याला पाच मिनिटं पुरतात. उघड्या अ‍ॅपर्चरवरची मऊ चमक हेलिओसची स्वतःची असेल तर एफ/४ पर्यंत ती विरते आणि एफ/८ वर धडधाकट हेलिओस आजच्या लेन्सच्या शेजारी बसेल इतकी रेखीव होते. आतला दुधी पडदा एफ/८ वरही काळ्या रंगाला राखाडीच ठेवतो. मागचं गोल फिरणं फ्रेमच्या सगळ्या कडांना सारखं असतं. एकच बाजू धूसर असेल आणि अ‍ॅपर्चर बंद करूनही ती सुधारत नसेल तर आतली काच कलली आहे. लांबची इमारत एफ/८ वर, अनंताच्या खुणेवर रेखीव आलीच पाहिजे, पन्नास वर्षांच्या लेन्सवरही. विकणारा यातलं काही करू देत नसेल तर लेन्सची काय अवस्था आहे ते त्याला ठाऊक आहे.

म्हणून भेट दिवसाउजेडी आणि उघड्यावर ठरवा. ओव्हल, शिवाजी पार्क, मरीन ड्राइव्ह, जिथे दूरवर काहीतरी दिसतं. तुमचाच कॅमेरा, तुमचाच अडॅप्टर आणि शक्य असेल तर तपासलेली दुसरी एखादी लेन्स बरोबर न्या. आगाऊ पैसे देऊ नका. लेन्स चालू असताना, फोकस या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवताना, विकणाऱ्यासमोरच मोबाइलवर व्हिडिओ घ्या.

मी पोलिस ठाण्यात लेखी अर्ज दिला आहे, जाहिरातीचे फोटो, मेसेज आणि यूपीआयची पावती जोडून. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. आगाऊ रक्कम ऑनलाइन गेली असेल तर १९३० या हेल्पलाइनवर जितक्या लवकर कळवाल तितकं बरं, तिथून पैसे अडवण्याचा प्रयत्न होतो. रोख दिलेल्यांनी निदान मेसेजवर ‘इतके मिळाले’ असं लिहून घ्या. माझ्याकडे सात हजारांसाठी तसं काही नाही आणि अर्जात तीच बाजू लंगडी पडते आहे. डोंबिवलीच्या मुलाचा अर्ज याच आठवड्यात माझ्या अर्जाला जोडला जातो आहे. जाहिरातीच्या फोटोतली ती हेलिओस, रंगाच्या त्या टवक्यासकट, पुन्हा विक्रीला लागली आहे, विकणाऱ्याचं नाव वेगळं आणि भेटीची जागा ठाणे. याच फोटोंवर कोणी पैसे दिले असतील तर मेसेज पुसू नका आणि आपापल्या पोलिस ठाण्यात अर्ज द्या.