डिकीतली बॅटरी: सर्व्हिस सेंटर, दुकानदार की स्वतःचा पाना?

माझी गाडी २०१४ ची बीएमडब्ल्यू ३२०डी. सेकंडहँड घेतलेली. राहतो ठाण्यात, मानपाड्याला, आणि गाडी उभी असते सोसायटीच्या तळघरात. तिची बॅटरी माझ्याकडे तीनदा बदलून झाली: एकदा सर्व्हिस सेंटरमध्ये, एकदा घरी येऊन बसवून देणाऱ्या दुकानदाराकडून आणि गेल्या वेळी माझ्याच हातानं. परवा शेजाऱ्यांची ऑडी अशीच गप्प झाली. "कुणाला बोलावू हो?" त्यांनी लिफ्टमध्ये विचारलं. आठ मजल्यांत उत्तर संपलं नाही, म्हणून हे लिहितोय.

पहिली बॅटरी २०२० च्या लॉकडाउनमध्ये गेली. तेव्हा निम्म्या सोसायटीच्या गेल्या होत्या. सर्व्हिस सेंटरच्या कामाला नाव ठेवायला जागा नाही. योग्य मापाची एजीएम बॅटरी (आतलं आम्ल काचतंतूंच्या थरात शोषलेली), गाडीच्या संगणकात तिची नोंद, घड्याळसुद्धा लावून दिलेलं. बिल बाहेरच्या भावाच्या जवळजवळ दुप्पट होतं, पण तेही एक वेळ चालेल. अडचण वेगळीच. बॅटरी पूर्ण मेली की ऑटोमॅटिक गिअर 'पी' मधून हलत नाही, आणि टोइंगचा ट्रक आमच्या तळघरात शिरत नाही, वरचा बीम आडवा येतो. फोनवरचा मुलगा अगदी अदबीनं म्हणाला, "सर, जंप देऊन तेवढी वर आणा, पुढचं आम्ही बघतो." तेवढी वर आणायची म्हणजेच तर सगळं काम! बॅटरी डिकीत असली तरी जंप देण्यासाठी बॉनेटखाली टर्मिनल असतं. शेवटी त्याला शेजाऱ्यांच्या गाडीतून केबल जोडून ती वर आणली. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर एस्टिमेट आलं, त्यात बॅटरीच्या जोडीला वायपर, एसी फिल्टर आणि ब्रेक फ्लुइड. तरीही गाडी वॉरंटीत असेल तर दुसरा विचार करू नका, तिथंच जा.

दुसरी वेळ २०२३ च्या दिवाळीनंतर. ठाण्यातल्याच एका दुकानदाराला फोन केला. दोन तासांत एक मुलगा स्कूटरवर पायाशी बॅटरी ठेवून हजर. नामांकित कंपनीची, एजीएमच, आणि जुनी परत दिल्याचे पैसे बिलातून वजा. वीस मिनिटांत गाडी चालू. एवढ्यावर मी खूश व्हायला हरकत नव्हती.

पण त्या वीस मिनिटांत एक वाक्य तीनदा ऐकलं. "किल्ली लांब ठेवून जरा थांबू का? आतली यंत्रणा झोपू दे." "काही होत नाही साहेब." "नव्या बॅटरीची नोंद करणार ना?" "काही होत नाही साहेब, चालू झाली ना?" वॉरंटी कार्डावर शिक्का मागितला, तर तो दुकानात राहिला होता. उद्या मारून देतो, काही होत नाही.

नोंदीचं थोडं सांगतो, कारण इथंच लोक फसतात. या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर एक सेन्सर असतो. बॅटरी किती वापरली गेली, किती म्हातारी झाली याचा हिशेब गाडी ठेवते आणि त्यानुसार चार्जिंग करते. नवी बसवल्याचं तिला कुणी सांगितलंच नाही, तर ती नव्या बॅटरीला जुन्याच बॅटरीसारखं वागवत राहते. क्षमता किंवा प्रकार बदलला असेल तर नुसती नोंद पुरत नाही, कोडिंग, म्हणजे गाडीच्या संगणकात भरलेली बॅटरीची माहितीही बदलावी लागते.

पुढं दोन दिवस गाडी उभी राहिली की स्क्रीनवर बॅटरी उतरत असल्याची सूचना यायची. स्टार्ट-स्टॉप, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणं, मनात आलं तर चालायचं. जून २०२५ मध्ये सगळंच थंडावलं. सर्व्हिस सेंटरची बॅटरी तीन वर्षांहून जास्त टिकली होती, ही दोन वर्षंही नाही. दोष नोंदीचाच, असं छातीठोकपणे म्हणणार नाही. माझ्या फेऱ्या मानपाडा ते नौपाडा एवढ्याच, त्यात घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामापायी इंजिन चालतं, गाडी चालत नाही. वॉरंटी मागायला गेलो, तर शिक्क्यावाचून कार्ड म्हणजे नुसता पुठ्ठा.

आणि डिकीतलं आवरण काढलं तर हवा बाहेर नेणारी नळी मोकळी लोंबत होती. बॅटरी इंजिनाजवळ असती तर मीही सोडून दिलं असतं. पण इथं ती डिकीत, म्हणजे माणसं बसतात त्याच हवेत असते. जास्त चार्ज झाली तर तिच्यातून निघणारा वायू त्या नळीनं बाहेर जायला हवा. तिथं माझं ठरलं: पुढची बॅटरी मीच बसवणार.

या वेळी बॅटरी दुकानाच्या काउंटरवरून आणली. आधीच्याच मापाची, त्यामुळे कोडिंगचा प्रश्न नाही. विकत घेताना तयार झाल्याचा महिना बघून घ्या, आणि मल्टीमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या खाली असेल तर मी तरी घेत नाही. बदलणं तसं सोपं आहे: आधी निगेटिव्ह काढायचा आणि शेवटी तोच लावायचा, दहाचा पाना आणि लांब एक्स्टेंशन हाताशी ठेवायचं. पॉझिटिव्हच्या क्लँपशी मात्र झटापट नको, अपघातात वीज तोडण्यासाठी त्यात छोटी स्फोटक कळ असते. डिकीचं झाकण पडू देऊ नका, कारण बॅटरी सुटलेली असताना डिकीचं बटण काम करत नाही. मला दीड तास लागला. त्यातला अर्धा तास खाचेत पडलेला एक बोल्ट मुलाच्या खेळण्यातल्या चुंबकानं शोधण्यात गेला. नोंद ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये बसणारं छोटं यंत्र) आणि फोनवरच्या बिमरलिंक अ‍ॅपनं, पाच मिनिटांत. नंतर स्टिअरिंग एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, काचांना वर-खाली जायची हद्द पुन्हा शिकवली, घड्याळ लावलं. जुनी बॅटरी त्याच काउंटरवर परत दिली. शिशाला भाव असतो, भंगारवाल्याला देऊ नका.

हे सगळ्यांनी करावं असं नाही. बॅटरी वीस-पंचवीस किलोची असते, आणि डिकीत वाकून तेवढं उचलणं म्हणजे तांदळाची गोणी खोल पेटीतून वर काढणं. कंबर कुरकुरत असेल तर घरी येणारा दुकानदारच बरा. मात्र नोंद करायचा स्कॅनर घेऊन येणार का, नळी जोडणार का आणि कार्डावर शिक्का तिथल्या तिथं मारणार का, हे फोनवरच विचारा. 'काही होत नाही' ऐकू आलं तर फोन ठेवा. बऱ्याच मर्सिडीजना नोंद लागत नाही, पण काहींत दुसरी छोटी बॅटरीही असते, ती विसरली जाते. आणि हायब्रिड असेल तर नारिंगी केबलच्या वाटेला जाऊ नका, तिच्यात उच्च दाबाची वीज असते.

ऑडीला माझं अ‍ॅप चालत नाही, त्यामुळे शेजाऱ्यांनी स्कॅनरवाला शोधलाय. रविवारी येतोय. मी पाना घेऊन खाली जाणार आहे, नळी बघायला.