६२ इंची टेकडाउन रिकर्व्ह धनुष्य: तीन सीझन वापरून झाल्यावर

मी डावखुरा. सव्यसाची वगैरे नव्हे, नुसता डावखुरा. ऑर्डर देताना 'लेफ्ट हॅन्ड'वर टिचकी मारली होती, तरी खोक्यातून उजव्यांचंच धनुष्य निघालं. बाण टेकवायची खाच भलत्या बाजूला! कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तीन आठवडे खाऊन का होईना, त्यांनी मूठ बदलून दिली.

धनुष्य तीन तुकड्यांत सुटतं. मधे लाकडी मूठ, वर-खाली लाकडावर फायबरग्लास चढवलेली दोन पाती, टोकांशी पुढे वळलेली, म्हणून रिकर्व्ह. दोन बोल्ट काढले की कपड्यांच्या बॅगेत मावतं. मला १६० डॉलरला पडलं. पात्यावर ओढीचा भार ४५ पौंड लिहिलाय, पण तो दोरी २८ इंच ओढल्यावरचा. माझे हात आखूड, ओढ २७ इंचांची, त्यामुळे मला मिळतात जेमतेम ४२. हरणाच्या शिकारीला तेवढे पुष्कळ झाले. खरं तर आधी ३० पौंडांची पाती घेऊन सहा महिने सराव करायला हवा होता. पण दुकानात गेल्यावर मिशी आडवी येते. पहिले दोन महिने तिसऱ्या बाणालाच खांदा थरथरायचा. कंपाउंड धनुष्यात चाकं असतात, पूर्ण ओढल्यावर भार हलका होतो. इथे सगळं ओझं तीन बोटांवर, आणि नेम धरायला दुर्बीण नाही की पिन नाही.

आता खरी भानगड. आवाज.

मी मिशिगनमध्ये राहतो. इथे धनुष्याचा सीझन १ ऑक्टोबरला उघडतो आणि १५ नोव्हेंबरला बंदूकवाले रानात उतरतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाकडे बोट दाखवायचीही सोय नाही, आणि ते बरंच आहे. इथे मात्र पांढऱ्या शेपटीची हरणं अंगणातली टोमॅटोची रोपं खाऊन जातात. पहिल्या वर्षी ओकच्या झाडाला मचाण बांधून बसलो होतो. संध्याकाळी एक हरिणी आली, १८ यार्डांवर आडवी उभी राहिली, मान खाली घालून ओकची फळं खात. सोडला बाण. 'टण्ण!' हरिणी बसल्यासारखी खाली दबली आणि बाण तिच्या पाठीवरून गेला. ती काही बाण चुकवत नव्हती. पळायचं तर आधी पाय दुमडावे लागतात, एवढंच. घरी येऊन हिशेब मांडला. माझा बाण सेकंदाला साधारण १७० फूट जातो, आवाज ११०० च्या वर. बाण पोचायच्या कितीतरी आधी तिला निरोप पोचलेला.

सोबत आलेली दोरी डेक्रॉनची, म्हणजे किंचित ताणणाऱ्या पॉलिस्टरची आहे आणि जरा लांब. मूठ ते दोरी अंतर सात इंच भरत होतं. दोरी उतरवून पीळ देत देत ते आठवर आणलं, तेव्हा निम्मा आवाज गेला. मग बाण जड केले, जड बाणाने धनुष्य कमी वाजतं. आणि दोरीच्या पिळात वर-खाली लोकरीचे गोंडे ओवले. ही लोकर आईने नाशिकहून नातवाच्या मोज्यांसाठी पाठवली होती. मोजे झाले, उरलेल्या लोकरीचं काय झालं ते तिला अजून सांगितलेलं नाही. पावसात गोंडे भिजून जड होतात आणि बाण खाली लागतो, तेव्हा पावसाळी दिवशी मी घरीच बसतो. वेगाच्या मोहाने फास्ट फ्लाइटची, म्हणजे जवळजवळ न ताणणाऱ्या धाग्याची दोरी मात्र चढवू नका. या पात्यांची टोकं तेवढी मजबूत केलेली नाहीत, दोरी रुतत जाईल. दोरी चढवताना पायात अडकवून वाकवायची हौसही नको, पातं पिळवटतं. दोरी चढवायचा स्ट्रिंगर वेगळा घ्या.

गेल्या ऑक्टोबरात पुन्हा तेच झाड. हरिणी १२ यार्डांवर, तोंड किंचित पलीकडे. या वेळी टण्ण नाही, उशीवर थाप मारावी तसं 'ठप्प'. अर्धा तास जागचा हललो नाही. उतरून पाहिलं तर मेपलच्या पिवळ्या पानावर गुलाबी फेसाळ रक्त, म्हणजे बाण फुफ्फुसातून गेलेला. सत्तर पावलांवर ती पडली होती. ७२ तासांत ऑनलाइन नोंद करावी लागते, ती त्याच रात्री केली. मांसाला चरबी फारशी नसते, त्यामुळे रस्सा कोरडा लागतो. खिमा करा.

पैशाला वस्तू वसूल आहे. खाचेवरचं फेल्ट दुसऱ्याच वर्षी झिजलं, तिथे मी वेल्क्रोची मऊ बाजू चिकटवलीय. बोल्ट दर चार दिवसांनी हाताने आवळून बघतो, एकदा ढिला सापडला होता. आणि डावखुरे असाल तर पैसे भरण्याआधी फोन करून खाच कुठल्या बाजूला आहे ते विचारा.