कानातले करणार असाल तर प्रीमो क्लेच घ्या

पॉलिमर क्लेचे (ओव्हनमध्ये भाजून कडक होणाऱ्या प्लास्टिकच्या मातीचे) कानातले, कीचेनचे चार्म्स म्हणजे छोटी लटकनं असलं काही करायला घेणाऱ्या मैत्रिणी मला हमखास विचारतात की कुठली क्ले मागवू, तर माझं उत्तर एकच, स्कल्पी ब्रँडची प्रीमो. महाग आहे, बाहेरून येते त्यामुळे किंमत टोचते, पण दागिन्यांसाठी पैसा वसूल.

त्याच कंपनीची स्कल्पी थ्री पण मिळते, ती पाकिटातून काढल्या काढल्या मऊ असते म्हणून नवीन मुली तीच उचलतात, पण पातळ लाटून भाजली की ती ठिसूळ असते, जाड मणी किंवा शोपीसला ठीक, लोंबत्या कानातल्यांना नाही. प्रीमोचं तसं नाही. दोन मिलिमीटर जाडीचं पान नीट भाजून, गार करून दोन बोटांत धरून वाकवा, वाकतं आणि सोडलं की परत सरळ होतं. कानातले ओढणीत अडकतात, बाथरूमच्या फरशीवर पडतात, गिऱ्हाईक काही जपून वापरत बसत नाही, तिथे ही लवचिकताच कामाला येते.

रंग तर फारच आवडतात मला. नावं चित्रकारांच्या रंगांची आहेत आणि मिसळले तरी मळकट होत नाहीत, अल्ट्रामरीन ब्ल्यूमध्ये अलिझरीन क्रिमसन थोडं थोडं घालत गेलं की पैठणीचा जांभळा मिळतो. गणपतीत मोदकाचे चार्म्स करते त्याला पांढऱ्यात निम्मी ट्रान्सल्यूसंट म्हणजे अर्धपारदर्शक क्ले मिसळायची, म्हणजे उकडीची ती किंचित आरपार दिसणारी छटा येते, नुसता पांढरा घेतला तर खडूसारखा दिसतो. कळ्या सुईच्या बोथट टोकाने खालून वर ओढायच्या आणि शेवटी शेंडा चिमटीत हलकेच फिरवायचा. पांढऱ्याला हात लावायच्या आधी वेट वाइप्सने हात पुसा कारण धूळ, कपड्यांचे धागे सगळं त्याला चिकटतं.

उन्हाळ्यात मात्र ही क्ले जरा त्रास देते, एप्रिल-मेमध्ये फार लिबलिबीत होते आणि कटरने कापताना कडा ओढल्या जातात. उपाय सोपा आहे, लाटलेली शीट दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा मग कापा, आणि फारच मऊ असेल तर कोऱ्या कागदांत रात्रभर दाबून ठेवा, जास्तीचं तेलकट द्रव्य कागद शोषून घेतो. उरलेली कच्ची क्ले कडक पारदर्शक डब्यात ठेवू नका, काही प्लास्टिक ती अक्षरशः खाते, साध्या पॉलिथिनच्या पिशवीत ठेवा.

भाजायचं 130 डिग्री सेल्सिअसला, दर 6 मिलिमीटर जाडीला 30 मिनिटं. ओटीजीच्या बटणावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, आत ठेवायचा ओव्हन थर्मामीटर घ्याच, कमी भाजलं तर तुकडे पडतात आणि जास्त झालं तर फिके रंग करपतात, अगदीच जळलं तर धूर घातक असतो कारण ही क्ले म्हणजे मुळात पीव्हीसी प्लास्टिक. वरून फॉइल झाका, मायक्रोवेव्ह नको, आणि जमलं तर स्वयंपाकाचा ओटीजी वेगळाच ठेवा.

विकत घेताना एक सांभाळा. मला एका ऑनलाइन विक्रेत्याने इतकं जुनं पाकीट पाठवलं होतं की मळताना भुगाच होत होता, रिटर्न पण घेतलं नाही, राग येतो अशा लोकांचा. दुकानात जाऊन घेत असाल तर पाकीट अंगठ्याने दाबून बघा, दबलं पाहिजे. आणि पाकिटावर ओव्हनमध्ये भाजायची क्ले आहे ना ते वाचा, कारण हवेत वाळणारी क्ले पण बरेचजण पॉलिमर म्हणून खपवतात आणि ती पाण्याने खराब होते.

57 ग्रॅमच्या एका ठोकळ्यात मध्यम आकाराचे पाच-सहा जोड आरामात होतात. सुरुवातीला सगळे रंग नकोत, पांढरा, ट्रान्सल्यूसंट, काळा, गोल्ड आणि लाल-निळा-पिवळा एवढ्यावर खूप काही होतं, फक्त पांढरा दोन घ्या, तोच सगळ्यात आधी संपतो.